रविवारचा मासा

हॅगडाउन कोव्ह या मासेमारीच्या गावात मासा म्हणजे कॉड. सॅमनला सॅमन म्हणायचं, हेरिंगला हेरिंग, पण "मासा मिळाला का?" असं विचारल्यावर कुणी हेरिंग पुढं केला, तर तो माणूस एकतर पाहुणा असतो नाहीतर चढवून आलेला. हा मासा पकडतात पुरुष, पण करतात, म्हणजे खारवून वाळवतात, त्या बायका. पकडायला होडी आणि थोडं नशीब पुरतं. करायला मात्र मीठ, वारा, बेताचं ऊन आणि आख्खा उन्हाळा लागतो, शिवाय रोज सकाळी उठून आभाळाशी हुज्जत घालायची तयारी. म्हणून व्यापाऱ्याच्या पेढीवर सुक्या माशाची होडी लागली, की मासा कुणी पकडला हे कुणी विचारत नाही. "कुणाचा मासा?" असं विचारतात, आणि उत्तरात बाईचं नाव येतं.

राइडआउटांच्या घरचा मासा ट्रायफीनाचा. होड्या वल्ह्यांवर चालायच्या तेव्हाही ट्रायफीनाचा, आणि आता पुकपुक करणारी इंजिनं आली तरी ट्रायफीनाचाच. तिची सून केझाया तिच्या हाताखाली इतके उन्हाळे वाकली होती, पण तिच्या नावावर माशाचं शेपूटसुद्धा नव्हतं.

केझाया मुळात किनाऱ्याची नव्हेच. खाडीच्या पार आतल्या टोकाला लाकूडतोड्यांची घरं आहेत, तिथली ती. एका उन्हाळ्याच्या बोलीवर राइडआउटांकडे कामाला आली. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, की मासा वाळत घालताना पाठ वर करायची की पोट, आणि वाळवणाच्या मचाणावरच्या सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या.

"लाकडाच्या गावची आहे गं," ट्रायफीना म्हणाली. "तिला वाटतं, मासा रंधा मारून गुळगुळीत करतात."

केझाया रडली नाही. तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला, उत्तर मिळेपर्यंत विचारला. वारा असेल आणि ऊन नरम असेल तेव्हा पोट वर. ऊन तापायला लागलं की पाठ वर. संध्याकाळी गोळा करून ढीग लावायचा तोही पाठ वर करून. आणि पावसाचा थेंब दिसला तर हातातलं मूलसुद्धा खाली ठेवून पळायचं. उन्हाळा संपला, बोली संपली. ट्रायफीनाचा थोरला, गार्लंड, तिला माहेरी पोचवायला होडी घेऊन गेला आणि तिच्या बापाशी लग्नाचं बोलूनच परतला.

लग्नाच्या जेवणात शेजारच्या ड्रुसिलानं ट्रायफीनाला छेडलं, "काय काकू, सून कशी काय?"

"मदेरा," ट्रायफीना म्हणाली. "बघू पुढं."

बायका पुन्हा हसल्या, आणि या वेळी केझायालाही कळलं की का हसल्या. सप्टेंबरात पेढीच्या धक्क्यावर माशाची प्रत ठरते. सगळ्यात वरची प्रत 'मर्चंटेबल': पांढराशुभ्र, कडक, अंगठा दाबला तर खळगा न पडणारा, जगातल्या कुठल्याही बंदरात मान वर करून उतरेल असा माल. त्याच्या खाली मदेरा. वाईट नाही, पण मिरवण्यासारखाही नाही. आणि अगदी तळाला वेस्ट इंडी, ज्याच्याबद्दल घरचे लोक चारचौघांत बोलत नाहीत. हे शब्द धक्क्यावरच राहिले असते तर बरं होतं. पण हॅगडाउन कोव्हमध्ये त्यांनीच सगळं मोजतात. पाव चांगला फुगला की तो मर्चंटेबल. बाळ गुटगुटीत जन्मलं की मर्चंटेबल. लाकूड ओलं निघालं की वेस्ट इंडी. ड्रुसिलाचा नवरा तिला कशी आहेस म्हणून विचारायचा तेव्हा ती कंबर धरून म्हणायची, "आज काही मदेराच्या वर नाही." कुणाची स्तुती करायची तर त्या एका शब्दाच्या वर इथं दुसरा शब्दच नाही, आणि तो शब्द कुणी फुकट वाटत नाही. ट्रायफीना तर नाहीच नाही.

प्रत ठरवायचा तो ॲब्सलम पेली. तो शपथ घेतलेला पारखी. ना विकणाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. मासा हातात घ्यायचा, उजेडात धरायचा, जाड भागावर अंगठा दाबायचा आणि योग्य त्या ढिगावर फेकायचा. त्याच्या अंगठ्यापुढं अपील नव्हतं. आणि पाद्री होडीनं कधीमधीच यायचा, म्हणून रविवारी प्रार्थनाघरात छापील प्रवचन वाचून दाखवायचं कामही ॲब्सलमचंच. उंच, कोरडा, कधी विनोद न करणारा माणूस. आठवडाभर मासा पारखायचा आणि रविवारी माणसं, असं पोरं म्हणायची, पण त्याच्या पाठीमागं.

तर त्या वर्षी, बर्फ वितळून मचाणं दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा, ट्रायफीनाचा पाय कुजक्या वाशातून खाली गेला आणि खुबा मोडला. तिला काढलेल्या दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. दुखत असताना ती देवाचं नाव घेत नव्हती, तो वासा ज्यानं ठोकला त्याचं घेत होती. दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला पलंगाशी बोलावलं.

"मचाण तुझं," ती म्हणाली. "नाव माझं आहे. उतरवू नकोस."

"नाही उतरवणार, आई."

"म्हणायला काय जातं. बघू."

मग तिनं आपली खुर्ची मचाणासमोरच्या खिडकीत हलवून घेतली आणि एक काठी मागितली. त्या उन्हाळ्यात केझायानं त्या काठीची टकटक खाल्ली म्हटलं तरी चालेल. मासा पसरायला जरा उशीर झाला, टकटक. दोन मासे एकमेकांवर चढले, टकटक. केझाया नाक पुसायला थांबली, टकटक. ड्रुसिला आपल्या मचाणावरून ओरडायची, "अगं, काच फुटेल एक दिवस! मग काठी थेट डोक्यावरच येईल तुझ्या!"

पण मासा मात्र उतरला असा की बोलायची सोय नाही. जुलैभर वारा पश्चिमेचा होता, कोरडा आणि गार. केझाया पहाटे ओठ ओले करून वाऱ्याकडं तोंड धरायची आणि दिवस कसा जाणार ते सांगायची, आणि बहुतेक वेळा तसाच जायचा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत कोठारात रचलेला मासा पाहून गार्लंडनं टोपी मागं सारली आणि "आईचाच वाटतो गं," असं म्हणाला. त्याला वाटलं, आपण बायकोचं कौतुक केलं. केझायाला ते लागलं. तिला तिच्या सासूइतका चांगला मासा नको होता. तिला असा हवा होता की ॲब्सलमनं हातातला मासा खाली ठेवून विचारावं, हा कुणी केला म्हणून.

तिथं ती चुकली. तो शनिवार होता. शेवटच्या खेपेचा मासा, सगळ्यात जाड आणि मोठा, मचाणावर पसरलेला होता. संध्याकाळी बायकांनी आपापला मासा गोळा केला, पाठ वर करून ढीग लावले, वर झाडाची साल आणि दगड ठेवले. कारण दुसऱ्या दिवशी रविवार, आणि रविवारी हॅगडाउन कोव्हमध्ये माशाला बोट लावत नाहीत. बोटच काय, लाकूड शनिवारी फोडून ठेवतात, पाणी शनिवारी भरतात, बटाटे सोलून पाण्यात टाकतात ते शनिवारीच. केझाया मात्र कमरेवर हात ठेवून वाऱ्याकडं बघत उभी राहिली.

"पाठ वर कर गं, अंधार पडतोय," ड्रुसिला म्हणाली.

"वारा बघ की. रात्रभर आणि उद्या दिवसभर हा असाच वारा पोटाला लागला ना, तर मासा दुधासारखा होईल."

"आणि ऊन तापलं तर?"

"नाही तापत. ढग येतायत."

"तुला सांगून गेले वाटतं?"

केझाया हसली आणि मासा तसाच पोट वर ठेवून घरी गेली. खिडकीत टकटक झाली नाही, कारण ट्रायफीनाला दुखण्यावरचं औषध देऊन लवकर निजवलं होतं.

रविवारी सकाळी लोक चांगले कपडे घालून प्रार्थनाघराकडं चालू लागले तेव्हा वारा होता. पहिल्या भजनापर्यंतही होता. दुसऱ्या भजनात खिडकीबाहेरचं गवत हलायचं थांबलं. ढग पांगले आणि ऊन असं आलं की बाकांचा रंग चिकट होऊन बायकांच्या झग्यांना लागायला लागला. बाहेर समुद्राला सुरकुती राहिली नाही. अशा निवांत, तापल्या दिवशी पोट वर असलेला मासा वाळत नाही, शिजतो. आणि एकदा उन्हानं शिजला, की त्याचं मांस सुटतं, उचलला तर मोडतो, आणि मग त्याला कितीही दिवस वारा दाखवा, उपयोग नाही.

ॲब्सलमनं प्रवचन उघडलं. ते सबुरीवर होतं आणि लांब होतं.

केझायानं मांडीवर हात घट्ट धरले. ड्रुसिलानं पुढच्या बाकावरून मान वळवून तिच्याकडं पाहिलं. मग आणखी एकीनं पाहिलं. त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की मचाणावर काय चाललंय, आणि प्रत्येकीला हेही माहीत होतं की आता त्याला इलाज नाही. केझायाच्या डोळ्यांपुढं तो मासा येत होता. दुसऱ्याच्या नावाचा, तिच्या हातावर विश्वासानं टाकलेला. ती उठली.

"खाली बस," गार्लंड कुजबुजला आणि त्यानं तिच्या शालीचं टोक धरलं. तिनं शाल त्याच्या हातात सोडून दिली.

ॲब्सलमचं वाचणं थांबलं. पुस्तकावर बोट तसंच ठेवून त्यानं तिला दारापर्यंत जाताना पाहिलं. प्रार्थना चालू असताना या प्रार्थनाघरातून आजवर कुणी उठलं नव्हतं. बाळंतपणाच्या कळा आल्या तरी बाया शेवटच्या 'आमेन'पर्यंत दात दाबून बसल्या होत्या. दार करकरलं आणि केझाया उतारावरून पळत सुटली.

मचाणावर चढून तिनं हाताची पालथी बाजू माशाला लावली. समुद्राकडचा अजून बरा होता. खडकाच्या बाजूचा, जिथं वाऱ्याची झुळूकही पोचत नाही, तो चुलीवरून काढल्यासारखा लागत होता. रविवारच्या झग्याच्या बाह्या वर सारून ती दोन्ही हातांनी मासे उलटत सुटली, पाठ वर, पाठ वर, पुढचा. खिडकीत सासू बसलेली तिला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसली. आता काठी आपटणार, काच फुटणार, असं तिला वाटलं. काठी वर आलीही. पण सासूनं तिच्यात खिडकीच्या पडद्याचं टोक अडकवून तो खाली ओढला, एवढंच.

प्रार्थना सुटली. लोक वाटेवर येऊन उभे राहिले आणि खाली मचाणावर एकटीच वाकलेली बाई बघत राहिले. ड्रुसिलाचे हात शिवशिवत होते, पण तो रविवार होता. ॲब्सलम सगळ्यांच्या मागून आला, त्यानं एकदा पाहिलं, टोपी घातली आणि तो घरी गेला.

घरात त्या दिवशी भांडीसुद्धा हळू वाजत होती. संध्याकाळी केझाया सासूला चहा द्यायला गेली. काकवी घालून ढवळून कप हातात दिला आणि बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिली.

"मी काही पाहिलं नाही," ट्रायफीना म्हणाली. "रविवारी खिडकीबाहेर बघत बसायची मला सवय नाही."

"हो, आई."

ट्रायफीनानं चहाचा घोट घेतला. "समुद्राकडचा वाचला असेल. खडकाकडचा गेला असणार. उद्या वेगळा काढ."

केझायानं सोमवारी तो वेगळा काढला. जळका मासा तिनं कोठाराच्या कोपऱ्यात जुन्या शिडाखाली ठेवला आणि त्याकडं पुन्हा बघितलं नाही. वाचलेल्या माशावर मात्र तिनं उरलेला उन्हाळा असा ओतला, की मचाणावरून ती जेवायलाच काय ती उतरायची.

गावात बोलणं चालूच होतं. ॲब्सलम तिला वाटेत भेटला तर टोपीला हात लावायचा नाही, दुसरीकडं बघायचा. लोक म्हणायचे, थांबा सप्टेंबरपर्यंत. त्याच्या प्रवचनातून उठून गेली ना, आता तिचा मासा त्याच्या अंगठ्याखाली यायचाय. गार्लंडनं हे ऐकलं होतं आणि त्याची झोप उडाली होती. हिवाळ्याचं पीठ, चहा, पोरांचे बूट, सगळं त्या प्रतीवर अवलंबून. मासा मदेरात गेला तर मार्चपर्यंत पोटाला चिमटा. म्हणून त्यानं एक शहाणपणा केला, आणि बायकोला विचारलं नाही.

सप्टेंबरातल्या एका कोरड्या, लख्ख सकाळी राइडआउटांची होडी पेढीच्या धक्क्याला लागली. एरवी बायका धक्क्यावर येत नाहीत; केझाया आली. ड्रुसिलाही आली, सोबतीला म्हणून, पण खरं म्हणजे तिला राहवलं नाही. धक्क्यावर नेहमीपेक्षा जरा जास्तच माणसं दोर गुंडाळत होती.

"कुणाचा मासा?" पेढीच्या कारकुनानं विचारलं.

"ट्रायफीनाचा," गार्लंड म्हणाला.

ॲब्सलम टेबलापाशी उभा राहिला. पहिला मासा घेतला, उजेडात धरला, अंगठा दाबला, मर्चंटेबलच्या ढिगावर टाकला. दुसरा, तिसरा. त्याचा चेहरा कोराच. ढीग वाढत गेला आणि दोर गुंडाळणाऱ्यांची तोंडं जरा पडली. मग त्यानं एक मासा उचलला आणि त्याचा हात अडखळला. केझायाला लांबूनच दिसलं. पोटाची बाजू पिवळट, मांसाला बारीक चिरा. तिनं गार्लंडकडं पाहिलं. गार्लंड पाण्याकडं बघत होता. शिडाखालचा मासा त्यानं चांगल्यात मधे मधे पेरला होता.

ॲब्सलमनं त्यावर अंगठा ठेवला. मग मान वर करून केझायाकडं पाहिलं, मग लोकांकडं. तो माणूस वाईट नव्हता. उलट आपल्या मनातला राग आपल्या अंगठ्यात उतरतोय की काय, याची त्याला धास्ती होती. त्यानं ओठ आवळले आणि मासा मर्चंटेबलच्या ढिगावर ठेवला, हळूच, न फेकता.

गार्लंडनं श्वास सोडला. केझाया पुढं झाली.

"काका, थांबा."

तिनं ढिगावरचा तो मासा उचलला. उचलताच त्याचा कोपरा मोडून खाली पडला. "हा मर्चंटेबल नाही."

"केझाया," ॲब्सलम म्हणाला. त्या रविवारनंतर तिच्याशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द. "पारखी मी की तू?"

"तुम्हीच. पण तुम्ही माशाकडं बघत नाही काका, माझ्याकडं बघताय."

दोर गुंडाळणाऱ्यांचे हात थांबले.

"अगं, वेड लागलं का तुला?" गार्लंड तिच्या कानाशी आला. "त्यांनी घेतला की! घेतलाय ना त्यांनी?"

"तू गप बस. तुझ्याशी मी घरी बोलते."

आणि तिनं होडीत उतरून सगळा मासा स्वतः चाळला. जळका एकेक काढून बाजूला टाकत गेली. ड्रुसिलाही तिच्या मागून उतरली, काही न विचारता. बराच निघाला. गार्लंडचे कान लाल झाले आणि तो मुकाट्यानं फळीवर रचून मासा वर द्यायला लागला.

"तो वेस्ट इंडीत टाकू," ॲब्सलम म्हणाला. "त्यालाही गिऱ्हाईक आहे."

"नाही. आमच्या घरचा मासा वेस्ट इंडीत जात नाही. तो मी घरी नेते. आम्ही खाऊ."

ॲब्सलमनं मोडका तुकडा पायानं बाजूला सारला. "पश्चात्ताप झाला म्हणायचा तुला."

"माशाचा झाला. शनिवारी मी जास्त शहाणपणा केला, त्याचा झाला." केझायानं हात झग्याला पुसले. "रविवारचा नाही झाला. सगळाच जळू दिला असता तर झाला असता."

लोकांना वाटलं, आता भडकला हा माणूस. ॲब्सलम भडकला नाही. त्यानं बाह्या दुमडल्या, टेबल उजेडात ओढलं आणि उरलेला मासा तपासायला घेतला तो असा, की जन्मात कुणाचा तपासला नव्हता. प्रत्येक मासा शेपटीला धरून आडवा केला, वाकतो का पाहिलं. प्रत्येकाला दोनदा दाबलं. वास घेतला. आणि प्रत्येक मासा, एकही न सोडता, त्याच ढिगावर फेकला. शेवटचा फेकून झाल्यावर तो कारकुनाकडं वळला आणि प्रार्थनाघरात वाचतो त्या आवाजात म्हणाला, "मर्चंटेबल. सगळा."

ड्रुसिलानं केझायाच्या पाठीत असा धपाटा घातला की ती होडीतच बसली. तिथंच बसून ती हसायला लागली, आणि धक्क्यावरचे, ज्यांनी वेगळंच काही बघायला सकाळ घालवली होती, तेही टोप्या मागं सारून हसले.

घरी तिनं गार्लंडला काय सुनावलं ते भिंतींना माहीत. ट्रायफीनानं सगळं ऐकलं, धक्क्यावरचंही आणि घरातलंही, आणि नुसती "हं" म्हणाली. नाव उतरलं नव्हतं. केझायाला तेवढं पुष्कळ होतं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

मग हिवाळाभर राइडआउट जळका मासा खात राहिले. मोडका, भुगा झालेला, टोपलीभर संपला की दुसरी टोपली. गार्लंड कुरकुरायचा, पण बेतानं.

ॲब्सलम दर रविवारी प्रार्थनेनंतर पाळीपाळीनं कुणा ना कुणाकडं जेवायचा. जानेवारीत राइडआउटांची पाळी आली. गेल्या ऑगस्टनंतर तो त्यांच्या दारात आला नव्हता. बूट झटकून आत आला आणि टेबलाशी ताठ बसला. गार्लंड चुलीपाशी जाऊन बायकोच्या कानाला लागला.

"चांगल्यातला काढ गं एखादा. पाहुणा आहे."

"चांगला विकला," केझाया म्हणाली. "घरात हाच आहे."

तिनं शनिवारी भिजत घातलेला कडक पाव गरम केला, त्यावर मासा घातला, वर चरबीचे कुरकुरीत तुकडे पसरले आणि ताट ॲब्सलमपुढं ठेवलं. मासा पातेल्यातच मोडला होता. आंधळ्यालाही कळलं असतं की हा काय आहे. ॲब्सलमनं घास घेतला, चावला, पुन्हा चावला.

"हा तोच," तो म्हणाला.

"तोच."

"रविवारचा."

गार्लंडनं काटा खाली ठेवला. ॲब्सलम ताटाकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "मग रविवारी खायला हरकत नसावी."

तो विनोद होता हे टेबलाभोवतीच्या कुणालाच लगेच कळलं नाही. त्या माणसानं याआधी केल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. त्यानं ताट संपवलं आणि ते केझायाकडं पुढं केलं, आणखी वाढ म्हणून.

चुलीजवळच्या खुर्चीतून ट्रायफीनानं काठी जमिनीवर आपटली.

"खा, ॲब्सलम, पोटभर खा. केझायाचा मासा आहे. तुझ्या अंगठ्यानं पास केलेला. तिच्या अंगठ्यानं नाही केला."

गार्लंडला ठसका लागला. ॲब्सलमचे कान गार्लंडचे धक्क्यावर झाले होते तसे लाल झाले. केझाया त्यांच्याकडं पाठ करून पातेल्यात चमचा ढवळत होती, जरी ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या नावामागं मासा लागला होता, आणि तो घरातला सगळ्यात वाईट मासा होता. ती तशीच पाठमोरी म्हणाली,

"आई, तुम्हालाही वाढू अजून?"

"वाढ की," ट्रायफीना म्हणाली. "विचारतेस काय."